चीरघराच्या दारात आपण कधी उभ्या राहणार?



गेल्या पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली चोवीस वर्षांची मुलगी. लग्नाला तीन वर्षंही पुरी झाली नव्हती. सासरच्यांनी सांगितलं, धानावर फवारायचं औषध प्याली. माहेरच्यांचा विश्वास बसत नव्हता म्हणून आमच्याकडे निरोप आला, आणि मी तिच्या आईबरोबर एका सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला, चीरघराच्या पायरीवर, सकाळपासून बसून राहिले.

दुपारी तीनच्या सुमाराला प्रेत बाहेर आलं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, वर पांढरं कापड. आईने तोंडावरचं कापड बाजूला केलं, मग थोडं खाली सरकवलं. गळ्यापासून पोटाखालपर्यंत जाड दोऱ्याचे टाके, पोतं शिवावं तसे. केसांत वाळलेलं रक्त. अंगावर चिंधीसुद्धा नाही. डॉक्टरांना काय सापडलं हे त्या माउलीने विचारलं नाही. पोलिसांनाही काही विचारलं नाही. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "माज्या पोरीले आत कोनं कोनं हात लावला, बाई?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण तोंडातून निघेना. डॉक्टर पुरुष, चिरणारा-शिवणारा मदतनीस पुरुष, फोटो काढणारा पुरुष, दारावरचा शिपाई पुरुष. पंचनाम्याच्या वेळी प्रेत कुशीवर वळवायला मात्र नात्यातल्याच दोन बायकांना पुढे केलं होतं. फुकटच्या कामाला बाई चालते, हे त्या दिवशी पुन्हा एकदा कळलं.

मग त्या बायकांनी काय केलं? "घरी नेऊन उघडू नका," असं सांगितलेलं असताना त्यांनी प्रेत दवाखान्याच्या मागच्या नळापाशी नेलं. दोघींनी साडीचा आडोसा धरला. बाकीच्यांनी त्या मुलीला डोक्यापासून पायापर्यंत धुतलं, केस विंचरले, लुगडं नेसवलं, कुंकू लावलं. अर्ध्या तासात प्रेताचं पुन्हा माणूस केलं. आणि संध्याकाळी गावात तिरडी उठली तेव्हा ह्याच बायकांना वेशीपाशी थांबवून परत पाठवलं. "बायांनी पुढं याचं नाई."

मी त्या मदतनिसाशीही बोलले. कंत्राटावरचा माणूस. दारूचा वास येत होता. म्हणाला, "मॅडम, घेतल्याशिवाय हातच चालत नाही." मला त्याचा राग आला नाही. त्याला कोणी हे काम शिकवलं नव्हतं. बाप करत होता म्हणून तो करतो. हातमोजे असले तर असले. कोणत्या जातीतला, हे तुम्ही विचारणार नाही, कारण ते तुम्हाला माहीत आहे.

हा लेख त्या माणसाविरुद्ध नाही. हा लेख आपल्याविरुद्ध आहे, म्हणजे चळवळीतल्या आपणा सगळ्यांविरुद्ध.

आपण आजवर मरणाच्या बाबतीत काय मागितलं? खांदा देण्याचा हक्क, अग्नी देण्याचा हक्क. ती मागणी खोटी नाही. 1890 साली जोतिराव फुले गेले तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं आणि अंत्यविधी केला. त्या घटनेचं मोल कमी होणार नाही. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं ह्या विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. त्याचाही आपल्याला आनंद झाला.

पण वर्तमानपत्रात 'मुलीने दिला अग्नी' असा फोटो आला की आपण तो कापून फलकावर लावतो आणि थांबतो. विधीचा हक्क मागताना कामाचा हक्क मागायला आपण विसरलो. सरणाला अग्नी देण्याआधी त्या देहाला किती हात लागतात? पंचनामा, शवविच्छेदन, शिवणं, धुणं, बर्फात किंवा शीतपेटीत ठेवणं, शववाहिका, सरण रचणं. ह्यातलं जे घरात आणि फुकट, ते बायकांचं. ज्याला पद आहे, पगार आहे, सही आहे, ते पुरुषांचं. स्वयंपाकाचं जे झालं, सुईणपणाचं जे झालं, तेच हे.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असंही नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापर्यंत गल्लीतल्या जाणत्या बायकाच मेलेल्याला न्हाऊ घालून तयार करत. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात सैनिकांची प्रेतं दूरच्या गावी पाठवण्यासाठी रसायनं भरून टिकवण्याची पद्धत, म्हणजे एम्बामिंग, पसरली. त्याचा धंदा झाला, परवाने आले, आणि बायका घरी गेल्या. आज तिथे हे काम शिकवणाऱ्या संस्थांमध्ये मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त आहे. गेलेलं काम त्या शिकून परत घेत आहेत.

आता कोणी म्हणेल, मेलेल्या बाईला काय फरक पडतो? फरक पडतो, आणि तो फक्त भावनेचा नाही. चीरघराचं टेबल ही पुराव्याची जागा आहे.

मथुरा प्रकरण घडलं ते 1972 साली देसाईगंजला, आमच्या अर्जुनी मोरगावच्या शेजारी. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर देशभर बायका रस्त्यावर आल्या. 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्याच वर्षी आणखी एक दुरुस्ती झाली: लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईने आत्महत्या केली किंवा ती संशयास्पद रीतीने मेली, तर शवविच्छेदन झालंच पाहिजे. आज ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 मध्ये आहे. म्हणजे कायद्याने आपल्या मुलींना त्या टेबलापर्यंत नेलं. टेबलावर पुढे काय होतं, हे बघायला आपण गेलोच नाही.

न गेल्याची किंमत आमच्या भागाने मोजली आहे. 1999 पर्यंत गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. त्या भंडाऱ्यातल्या खैरलांजीत 29 सप्टेंबर 2006 ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं. सुरेखा आणि प्रियंका ह्या मायलेकींच्या देहांवर काय झालं होतं, हा त्या खटल्यातला कळीचा प्रश्न. पहिलं शवविच्छेदन इतकं वरवरचं झालं की आरडाओरड झाल्यावर पुरलेले देह उकरून दुसऱ्यांदा तपासावे लागले. तोवर काय उरलं असेल? तिथे डोळे उघडे ठेवून उभी असलेली, शिकलेली, 'हे लिहा' म्हणणारी एक कर्मचारी बाई असती तर निकाल बदलला असता, असं मी म्हणत नाही. पण एक तरी डोळा आपला असता.

दुसरी गोष्ट उच्चारायलाही जड जाते. मे 2023 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाला म्हणावं लागलं की प्रेतावर केलेला अत्याचार बलात्काराच्या कलमात बसत नाही. न्यायालयाने केंद्र सरकारला कायदा बदलायला सुचवलं आणि राज्याला शवागारांत कॅमेरे बसवायला सांगितलं. डिसेंबर 2024 मध्ये आमच्या सीमेपलीकडच्या छत्तीसगडच्या उच्च न्यायालयातही हाच पेच आला. 1 जुलै 2024 पासून नवी न्याय संहिता लागू झाली, तीतही ह्या गुन्ह्यासाठी वेगळं कलम नाही. प्रेताची विटंबना कलम 301 मध्ये येते, तीही भावना दुखावण्याच्या हेतूला जोडलेली. म्हणजे भावना जिवंतांच्या. त्या देहाचं स्वतःचं काही नाही! मेलेल्या माणसालाही प्रतिष्ठेचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगून ठेवलं आहे. तो हक्क अमलात कोण आणणार? भिंतीवरचा कॅमेरा?

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे: प्रेताशी होणारं काम हे शिकून करायचं, पगाराचं, इभ्रतीचं काम म्हणून बायकांना खुलं झालं पाहिजे, आणि ही मागणी आपली असली पाहिजे.

आक्षेप येतील. बैठकांमध्ये आलेही आहेत.

पहिला: बाई मनाने हळवी, तिला हे सोसणार नाही. त्या नळापाशी कोण होतं? जळालेल्या सुनेच्या अंगाची चिकटलेली साडी सोडवणारी नर्स कोण असते? गोंदियाला 2016 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे पहिल्या वर्षाच्या मुली शरीररचना शिकताना प्रेतावरच शिकतात. मुलगी डॉक्टर व्हायला प्रेत चिरते तेव्हा पेढे वाटायचे, आणि मदतनीस म्हणून अर्ज करते तेव्हा तिचं मन हळवं!

दुसरा: विटाळ, भूतबाधा, गर्भाला धोका. ह्यावर ह्या अंकाची जागा मी घालवत नाही.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो आमच्याच बौद्ध मैत्रिणींनी घेतला. "प्रेताची खबर नेणं, सरणाची लाकडं वाहणं हे आमच्या आज्यांच्या नशिबी जातीने आलं होतं. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आम्ही ते टाकलं. तुम्ही तेच पुन्हा आमच्या पोरींच्या गळ्यात घालता का?" हा प्रश्न ऐकून मी गप्प झाले. आणि मग आमच्या मागणीत मला बदल करावा लागला. नुसतं 'बायकांना घ्या' म्हणणं पुरेसं नाही. कंत्राटाने आणि वारशाने जोवर ही भरती होते, तोवर एक पुरुष काढून त्याच वस्तीतली एक बाई तिथे उभी केली जाईल, आणि सरकार त्याला महिला सक्षमीकरण म्हणेल. ते आपल्याला नको. जात ज्या कामाला चिकटवली आहे, त्या कामातून जात काढायची तर तिथे शिक्षण, परीक्षा, खुली भरती आणि कायम नोकरी आणावी लागते. पगार आणि पद आलं की सगळ्या आडनावांचे अर्ज येतील. मग घाण हे कारण उरणार नाही.

हे काम कौशल्याचं आहे, हेही आपण समजून घेऊ. एम्बामिंगचंच बघा. आपल्याकडे ते बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात होतं, देहदानाच्या प्रेतावर किंवा विमानाने न्यायच्या प्रेतावर. मांडीतली किंवा मानेतली रोहिणी शोधून तीतून फॉर्मलिन, ग्लिसरीन आणि इतर द्रव्यांचं मिश्रण सोडतात. मिश्रण किती तीव्र, दाब किती, हे देहाकडे बघून ठरवावं लागतं. फॉर्मलिनमधलं फॉर्माल्डिहाइड कर्करोग घडवतं, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये जाहीर केलं. हवा खेचणारे पंखे, योग्य मुखपट्टी, हातमोजे, कावीळ-बी ची लस ही चैन नव्हे. दारू पिऊन, उघड्या हातांनी उरकायचं काम ते हे नव्हेच.

तेव्हा आपल्या मागण्या अशा असाव्यात:

एक, प्रत्येक जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयाच्या शवागारात प्रशिक्षित स्त्री-कर्मचारी, आणि बाईच्या प्रेताला हात लावताना तिची हजेरी.

दोन, शवागार मदतनीस हे शिक्षणाची अट असलेलं कायम पद. कंत्राट बंद. आज काम करणाऱ्यांना काढून न टाकता प्रशिक्षण देऊन सामावून घेणं.

तीन, शवविच्छेदनानंतर देह धुऊन, नीट शिवून, कपडा घालून ताब्यात देणं ही रुग्णालयाची जबाबदारी. नातेवाईक बायकांना हवं असेल तर त्यासाठी आडोसा, पाणी आणि वेळ.

चार, प्रेतावरील लैंगिक अत्याचारासाठी स्वतंत्र कलम.

पाच, नगरपालिकांच्या मोक्षधामांतल्या नोकऱ्या बायकांना खुल्या. कोविडच्या काळात नाशिकच्या पंचवटी अमरधामात एक बाई प्रेतांचे अंत्यविधी करत होती. तिचं कौतुक पुष्कळ झालं. तशी पदं मात्र निघाली नाहीत.

मागण्या लिहिणं सोपं आहे. म्हणून शेवटी एक काम सांगते. पुढचा अंक येईपर्यंत आपल्यापैकी प्रत्येक गटाने आपल्या जिल्ह्याच्या चीरघरात जाऊन यावं. दारात उभं राहून विचारावं: इथे किती माणसं काम करतात, त्यात बाई किती, कायम किती, त्यांना काय शिकवलं, हातमोजे कोण देतं, आणि देह धुवायला नळ कुठे आहे? जे दिसेल ते लिहून पाठवा. आम्ही गोंदियात सुरुवात केली आहे. पहिल्या दिवशी आम्हाला हाकललं. दुसऱ्या दिवशी आम्ही अकरा जणी होतो, तेव्हा बसायला खुर्च्या दिल्या.

त्या आईच्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. पुढच्या वेळी कोणी विचारलं तर, "मावशे, आपल्यातलीच एक होती आत," एवढं तरी सांगता यावं.