इंजिनाला कोणत्या दिवसाकडे परत न्यायचे?
रोल्स-रॉइसचे ‘आर’ इंजिन १९२९ आणि १९३१च्या श्नायडर करंडकाच्या विमानशर्यतींसाठी घडवले गेले. बारा सिलिंडर, सुमारे ३६.७ लिटर क्षमता आणि दोन हजारांहून अधिक अश्वशक्ती. अशी जेमतेम वीसेक इंजिने झाली, आणि आकाशातली शर्यत संपल्यावर त्यांतली काही मोटारींत व नौकांत गेली. ‘आर ३७’ हे त्यांपैकीच एक. वेगाचे विक्रम करणाऱ्या माल्कम कॅम्बेल यांच्या ‘ब्लू बर्ड’ मोटारीत ते होते, त्यांच्याच १९३७च्या ‘के३’ नौकेतही होते. म्हणूनच अशा इंजिनाची ओळख केवळ कोरलेल्या क्रमांकावर ठरवू नये. शाफ्टची जोडणी, पाण्याच्या नळ्या, नंतर पाडलेली भोके यांवरून ते कुठे राबले हे कळते. दुरुस्तीत हे ‘परके’ भाग काढून विमानाचे मूळ रूप आणण्याचा मोह मोठा असतो. माझ्या मते तो पुरावा पुसण्याचा प्रकार आहे. पाण्यावरचे आयुष्य हेही त्याचेच आयुष्य.

न धडधडणारे इंजिन म्हणजे निव्वळ लोखंड, असा आक्षेप येतो. त्यात तथ्य आहे. तो आवाज ऐकायलाच हवा. पण ही इंजिने थोड्याच वेळाच्या कमाल जोरासाठी बांधलेली होती, बेंझॉल-मिथेनॉलमिश्रित इंधनावर चालणारी. सुरू करायचेच तर झिजणारे भाग नवे बनवावेत, त्यांवर तारीख कोरावी आणि जुने भाग फेकू नयेत.