हिशेबाची डिस्क कोणती घ्यावी?

संगणक घ्यायला गेलेला आपला व्यापारी बहुधा एकच प्रश्न विचारतो, "किती जीबीचा आहे?" विकणाराही मोठा आकडा सांगून मोकळा होतो. आकड्याच्या आधी डिस्कची जात पाहावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

साध्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि वाचणारे टोक चकतीपासून केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. मालेगाव-भिवंडीच्या कारखानदारांनी हे ध्यानात घ्यावे. शेजारी माग धडधडत आहेत आणि सुताचा, मजुरीचा, उधारीचा सारा हिशेब अशा चकतीवर आहे, ही जोखीम कशासाठी? एसएसडीत फिरणारा भागच नसतो, म्हणून हादऱ्यांची तिला फारशी पर्वा नाही. टॅली आणि बिलांसाठी २५६ जीबीची साधी साटा एसएसडी पुष्कळ झाली. नव्या संगणकात एनव्हीएमई आली तर उत्तमच. जुन्यासाठी तिच्यामागे धावू नये.

मात्र एसएसडीत एक खोड आहे. हार्ड डिस्क जाण्याआधी पुष्कळदा कुरकुरते; एसएसडी एखाद्या सकाळी मुकाट्याने बंद पडते. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. डिस्क गेली म्हणून हे बंधन सुटत नाही, आणि उधारीच्या नोंदी गेल्या तर ग्राहकाकडे मागायचे तरी कशाच्या आधारावर? म्हणून रोज संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर नक्कल घ्यावी, ती काढून घरी न्यावी. संगणकाला जोडलेलीच राहिली तर फायली कुलूपबंद करणारा व्हायरस तिलाही सोडत नाही. या कामाला स्वस्त हार्ड डिस्कच योग्य. एसएसडी वर्षानुवर्षे विजेविना कपाटात पडून राहण्यासाठी नसते.

दुकानातल्या कॅमेऱ्यांचे गणित निराळे. रात्रंदिवस लिहिणाऱ्या डिस्कसाठी सर्व्हेलन्स जातीची हार्ड डिस्क मिळते, तीच घ्यावी. दर सेकंदाला २ मेगाबिट लिहिणारे ४ कॅमेरे दिवसाला सुमारे ८६ जीबी भरतात. म्हणजे १ टीबी साडेअकरा दिवसांत संपते आणि जुने चित्रण पुसले जाऊ लागते. मालाची चोरी महिनाअखेरच्या मोजणीत कळत असेल तर किमान ३ टीबी हवी.

(१ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. ती फसवणूक नव्हे, मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.)

खरी फसवणूक वेगळीच असते. कवडीमोल भावात मिळणाऱ्या "२ टीबी" एसएसडीच्या डबीत अनेकदा लहानसे मेमरी कार्ड निघते. ते आकडा मोठा दाखवते आणि भरल्यावर जुन्या फायली गिळते. नवी डिस्क आणली की ती एकदा पूर्ण भरून फायली उघडून पाहाव्यात. ती आधी किती तास चालली आहे, हे क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये दिसते, पण तो आकडा मागे फिरवणारेही बाजारात आहेत. तेव्हा पक्के बिल घ्यावे आणि त्यावर डिस्कचा सिरीयल नंबर लिहून घ्यावा.