खोलीआधी पाया

तारकर्लीच्या समुद्रात स्कूबाचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करून परतलेली तरुण मंडळी लगेच ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ प्रमाणपत्राचा हट्ट धरते. प्राथमिक प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर, पुढच्याची ३० मीटर. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट होतो. टाकीतील हवाही चौपट वेगाने संपते. तेथे मास्कमध्ये पाणी शिरताच जो घाबरून, श्वास रोखून वर झेपावतो, त्याची फुफ्फुसे फाटू शकतात. म्हणून मास्कमधील पाणी काढणे, संथ श्वसन आणि पाण्यातील तोल हे सारे आधी उथळ पाण्यातच अंगवळणी पडावे. तोल सुटला, तर पायांखाली प्रवाळासारखे सजीवही चिरडले जातात. भांडवल जमण्यापूर्वी पेढीचा विस्तार करू नये, हे व्यापारी घरांना सांगावे लागत नाही. पालकांनी मुलांना प्रमाणपत्र कोणते, यापेक्षा डुबक्या किती झाल्या, हे आधी विचारावे.