शाई उडालेल्या चिठ्ठ्या

सहा महिने लेकीकडे मिनियापोलिसला राहून दिवाळीच्या तोंडावर इंदूरला परतले. म्हणून या वेळी गोष्ट तिथल्या बागेची.

मागच्या खेपेला मी तिथे एक चूक केली होती. लेकीने हौसेने ग्लॅडिओलस लावले होते. ऑक्टोबरात तिने विचारलं, "आई, कंद काढून ठेवायचे का गं?" मी ठसक्यात म्हटलं, "कशाला? आपला निशिगंध नाही का तीन-तीन वर्षं एकाच वाफ्यात राहत!" तिने ऐकलं. पण तिथे हिवाळ्यात जमीन फूटभराहून खोल गोठते. मे महिन्यात उकरलं, तर हाताला नुसता लगदा लागला. लेक काही बोलली नाही. मलाच फार लागलं.

यंदा शेजारच्या आजी घर विकून मुलाकडे राहायला गेल्या. जाताना तळघरातलं एक खोकं लेकीला देऊन गेल्या. कित्येक हिवाळे जपलेले कंद! चिठ्ठ्यांवरची शाई मात्र पार उडालेली. लेक म्हणाली, "आता तूच ओळख."

ओटीवर धान्य निवडावं तसे जमिनीवर पसरून बसलो. रताळ्यांच्या घोसासारखा दिसला तो डेलिया. त्याच्या मानेशी उसाच्या कांडीला असतो तसा डोळा हवा. मान मोडलेलं रताळं कितीही गुबगुबीत असलं तरी फुटत नाही. आल्यासारखे जाड, वळ्यावळ्यांचे गड्डे कर्दळीचे. चपटे, वर सुकी जाळीदार साल आणि आत कांद्यासारखे पदर नसलेले भरीव, ते ग्लॅडिओलस. तळाशी एक झुबका होता, लहान, निमुळत्या कांद्यांचा. हातात घेतला आणि ओळखलाच. आपला निशिगंध!

निशिगंधाला फुलायला तीन-चार महिने लागतात आणि तिथला उन्हाळा तेवढाच. म्हणून एप्रिलातच तो घरात कुंड्यांमध्ये लावला, खिडकीच्या उन्हात ठेवला. बाकीचे कंद मेअखेर, दहिवराची भीती सरल्यावर जमिनीत गेले. सप्टेंबरात निशिगंधाला छड्या आल्या. लेक त्यातल्या दोन घेऊन आजींना भेटायला गेली. आजींनी वास घेतला आणि एवढंच विचारलं, "हिवाळ्याआधी काढशील ना?"

काढले, मंडळी. पहिल्या दहिवराने डेलिया-कर्दळीची पानं काळी पडताच दांडे वीतभर ठेवून कापले आणि बाजूने लांबून खणलं. डेलिया आणि कर्दळ थोड्या ओलसर लाकडाच्या भुशात, थंड पण न गोठणाऱ्या तळघरात ठेवली. ग्लॅडिओलस दोन-तीन आठवडे वाळवून, खालचा जुना सुरकुतलेला कंद काढून टाकून, कांद्याच्या जाळीच्या पिशवीत टांगले. निशिगंधाला जरा ऊब लागते. तो कोरडा करून घरातल्या कपाटात ठेवला. महिन्यातून एकदा सगळे चाचपायचे आणि मऊ लागेल तो फेकायचा, हे लेकीला बजावून आले.

ज्यांची मुलं अशा थंड गावी आहेत, त्यांना एक सांगते. इथून कंद सामानात घालून नेऊ नका. त्याला तपासणीचा दाखला लागतो. तिथे वसंतात दुकानांतून मिळतात.

आणि चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहा, ती उडत नाही. आमच्या खोक्यावर आता देवनागरीत नावं आहेत. शेवटच्या चिठ्ठीवर लेकीने लिहिलंय, 'निशिगंध, आजींचा'.