मालमोटारीचा भार आणि रस्त्याचे आयुष्य

भिलाईहून पोलाद घेऊन निघालेली मालमोटार पुष्कळदा अर्धी रिकामी दिसते. कडब्याने भरलेली गाडी पाहून हळहळणारा मनुष्य तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. फसगत होते ती येथेच. एक घनमीटर पोलादाचे वजन सुमारे ७.८५ टन भरते. म्हणून साडेबारा टन जाड पत्रे मालमोटारीच्या तळावर सारखे पसरले, तर त्यांचा थर वीतभरही उंच होत नाही. भाराचा कायदा डोळ्यांच्या भरवशावर राबविता येत नाही, त्याला काटाच लागतो.

रस्ता खचतो तो गाडीच्या एकूण वजनाने नव्हे, तर एकेका आसाखाली येणाऱ्या भाराने. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर लष्करी चालकांनी अहोरात्र मालमोटारी फिरविल्या. त्या प्रयोगातून असे दिसले, की रस्त्याची हानी आसावरील भाराच्या साधारणतः चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भार दुप्पट झाला की हानी दुप्पट नव्हे, सोळापट!

जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरांच्या आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. वाढ जेमतेम तेरा टक्क्यांची. परंतु वरील नियमाने हानी सुमारे साठ टक्क्यांनी वाढते. खेपा कमी होतील, हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. दोन आसांच्या गाडीचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले. रिकाम्या गाडीचे वजन सहा टन धरले, तर माल बावीस-तेवीस टक्क्यांनीच अधिक जातो. वाहतूकदाराची बचत खरी; पण तिचा काही भाग रस्त्याच्या खात्यातून उचललेला असतो.

या भिलाईतच, जेथील पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली, देशाच्या रेल्वेचे रूळ तयार होतात. रूळ आणि त्यावरून धावणाऱ्या मालगाड्या यांचा धनी बहुतांशी एकच असल्याने तेथे आसाच्या भाराचा हिशेब काटेकोर राहतो. मुंबई-कोलकाता महामार्गावर मात्र भाडे एकाचे आणि डागडुजी दुसऱ्याची.

म्हणून दंड हवाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन अधिनियमाचे कलम १९४ अधिक भारासाठी वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास दोन हजार रुपये दंड सांगते. शिवाय जादा माल उतरविण्याचा खर्चही भरावा लागतो. दंड भरला म्हणजे तोच भार घेऊन पुढे जाण्याची मुभा मिळाली, असे नव्हे. हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच स्पष्ट केले आहे. तथापि, चालकाला एकट्याला धरणे अन्यायाचे होईल, कारण किती माल लादावा हे तो क्वचितच ठरवितो. गाडी चालविण्यास लावणारा व चालवू देणाराही त्याच कलमाखाली येतो, याचा उपयोग अधिक व्हावयास हवा.

महामार्गावरील नाक्यावर वीस टनांच्या गाडीतून दीड टन पोलाद उतरवावयाचे, तर यारी, मजूर आणि राखणदार हवेत. पोलाद वजनावरच विकले जात असल्याने ते फाटकाशी तोलले जातेच; त्याच काट्यावर आसाचा भारही पाहिला, तर जादा पत्रा तेथल्या तेथे त्याच यारीने उतरविता येईल.