सात घरं फिरलेली पिल्लं

मांजरी पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात. यंदाच्या पावसाळ्यात इंदूरला, आमच्या रामबागेतल्या घरी हे काम आम्हीच केलं. माळ्यावर चार पिल्लं झाली होती. दोन महिन्यांची झाल्यावर दोन ठेवली, एक शेजारी दिलं, एक मामेबहिणीकडे. टोपलीत जुनी साडी अंथरून, अगदी कौतुकानं.

आठवड्याच्या आत घरातलं एक मलूल झालं. ओकाऱ्या, जुलाब. पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसायचं, पण प्यायचं नाही. काकू म्हणाल्या, नजर लागली. काका पॅरासिटामॉलची अर्धी गोळी घेऊन आले. आधी डॉक्टरांना फोन केला म्हणून टळलं. ती गोळी मांजराला विष आहे, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं!

निदान झालं पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा पार्व्हो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, आतडी सोलवटतात. नेमकं औषध नाही. सलाइन देऊन तगवायचं. आमचं पिल्लू तिसऱ्या दिवशी गेलं.

इथवर दुर्दैव. पुढचा मात्र आमचा गुन्हा.

डॉक्टरांनी बजावलं होतं, भावंडं गेली त्या घरी आजच कळवा. घरात ठरलं, "कशाला? रोगट पिल्लू दिलं म्हणतील." मीही गप्प बसले. आठ दिवसांनी मामेबहिणीचा फोन. तिच्याकडचं पिल्लू गेलं, आणि घरची जुनी मांजरही. तिला कधी लस टोचलीच नव्हती.

आजारपण झाकायची ही खोड आपली जुनीच. क्षय झाला की "हवापालटाला गेलाय". फिट येत असली तर अक्षता पडेपर्यंत चकार शब्द नाही. याला आपण घरंदाजपणा म्हणत आलो. पण विषाणूला घराणं कळत नाही. तो चपलेला, कपड्याला, हाताला चिकटून जातो आणि घरात वर्षभरही टिकतो. सॅनिटायझरला तो दाद देत नाही, ब्लीचच्या पाण्यानं मरतो. त्या घरात लस न झालेलं नवं पिल्लू आणणं म्हणजे त्याला मरणाच्या दारात सोडणं.

"माणसांना लागेल" म्हणून आजारी पिल्लू बाहेर टाकणाऱ्यांनी ऐकावं: हा रोग माणसाला होत नाही. बाहेर टाकलेल्या पिल्लापासून गल्लीतल्या मांजरांना मात्र होतो.

आणि "मांजराला कसली लस?" म्हणून हसू नका. 6 ते 8 आठवड्यांची झाली की पहिली, मग 16 आठवड्यांची होईपर्यंत दर 3-4 आठवड्यांनी. सराफ्यात गराडू खायला आपल्या खिशातून पैसे निघतात, मग यालाच का निघत नाहीत?

शेवटी मी मामेबहिणीकडे जाऊन सगळं सांगितलं. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, तेव्हाच सांगितलं असतंस तर माझी मांजर वेगळ्या खोलीत तरी ठेवली असती गं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्या घरून पिल्लं गेली असतील आणि मागे राहिलेलं एखादं आजारी असेल, तर हे वाचून झाल्यावर आधी फोन उचला. लाज नंतर वाटू द्या.