पोत्यात क्लोरीन किती, ते ३१ मेपर्यंत सांगा

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतले सर्व सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि त्यांना टीसीएल पावडर पुरवणारे व्यापारी यांना हा जाहीर इशारा आहे. कोणा एका गावावर यात ठपका नाही. पण ज्याच्या पंपहाऊसमधलं पोतं तपासणीत नापास होईल, त्याने हा इशारा आपल्यालाच आहे असं खुशाल समजावं.

इशारा नांदगाव पेठहून निघतो, याला कारण आहे. इथे १३५० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे, एमआयडीसीत कापडाचे कारखाने आहेत आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पीएम मित्र पार्कची पायाभरणीही झाली. बॉयलरचं पाणी शुद्ध करायला ॲसिड आणि कॉस्टिक लागतं, कापड पांढरं करायला ब्लीच लागतं. अशा उद्योगांची रीत ठरलेली असते: टँकर फाटकात आला की आधी नमुना, मग टक्केवारी आणि मगच माल खाली. टक्का कमी भरला तर टँकर आल्या पावली परत. आणि माणसांनी प्यायच्या पाण्यात जी पावडर पडते तिचं काय होतं? पोती मोजतात, चलनावर सही करतात, बिल काढतात. कापडाला जी तपासणी मिळते ती लेकराबाळांच्या पाण्याला का मिळू नये, याचं उत्तर आम्हाला हवं आहे.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. चांगल्या, ताज्या मालात ३२ ते ३४ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. ऊन, ओल आणि हवा लागली की तो उडून जातो. पोत्याचं तोंड उघडं, शेजारी मोटारीची गळती, वर टिनाचं छप्पर आणि बाहेर वऱ्हाडातला मे महिना. अशा खोलीत पावडरीचे खडे होतात, नाकाला झोंबणारा वास जातो आणि पोत्यात उरतो तो चुना. रंग मात्र पांढराच राहतो, म्हणून कोणाला संशय येत नाही. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर प्रयोगशाळा वापरायला अयोग्य ठरवते.

हिशेब करा. हजार लिटरला ५ ग्रॅम या मापाने ५० हजार लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम पावडर लागते. हे माप ३३ टक्क्यांच्या मालाचं आहे. माल १५ टक्क्यांचा निघाला, तर तेवढ्याच कामाला ५५० ग्रॅम लागतील. पाणीवाला मात्र रोजचंच माप टाकतो, कारण पोत्यात काय आहे हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. निम्म्याहून कमी औषध टाकून गावाला शुद्ध पाणी दिल्याची नोंद होते.

स्वस्त घेतलं, ही सबबही ऐकून घेणार नाही. समजा, एकाचा भाव ३३ रुपये किलो आणि क्लोरीन ३३ टक्के. दुसऱ्याचा भाव २४ रुपये आणि क्लोरीन १५ टक्के. पहिल्याकडे किलोभर क्लोरीन १०० रुपयांना पडतो, दुसऱ्याकडे १६० ला. तीन कोटेशनं लावून सर्वांत कमी दराचं निवडलं, पण टक्का विचारलाच नाही, तर कागद नियमात बसतो आणि पैसा पाण्यात जातो. पैसे नव्हते, असंही म्हणू नका. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता.

हलगर्जीची किंमत अमरावती जिल्ह्याने मोजली आहे. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत कॉलरा पसरला. नळयोजना बंद होती, लोक उघड्या विहिरीचं पाणी प्याले. अमरावती तालुक्यातल्या नया अकोल्यातही रुग्ण निघाले. जिल्ह्यात माणसं दगावली. अशाच विहिरीत टाकायला टीसीएल विकत घेतात. ती पावडर कसदार आहे की नाही, हे साथ आल्यावर तपासून उपयोग नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत :

१. प्रत्येक खरेदी आदेशात उपलब्ध क्लोरीनची किमान टक्केवारी, आयएस १०६५ मानक, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख लिहा.

२. माल उतरल्यावर नमुना जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत पाठवा. अहवाल आल्याशिवाय बिल काढू नका. नापास माल पुरवठादाराने स्वखर्चाने परत न्यावा.

३. शिल्लक पोत्यांचीही आताच तपासणी करा आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

४. पावडर कोरड्या, बंद खोलीत, जमिनीपासून उंच ठेवा. जलसुरक्षकाला मालाच्या टक्क्याप्रमाणे माप लिहून द्या.

५. रोज शेवटच्या नळावर ओटी टेस्ट घ्या. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलाच पाहिजे.

मुदत ३१ मे. मृग लागायच्या आत हे झालं पाहिजे. मुदतवाढ मिळणार नाही, बैठकीचा चहा नको आणि तोंडी आश्वासनही नको.

१ जूनला काय होईल तेही ऐका. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम २(ञ) नुसार नागरिकाला कागदच नव्हे, तर सामग्रीचे प्रमाणित नमुनेही मागता येतात. दहा रुपयांच्या अर्जावर आम्ही तुमच्या पंपहाऊसमधल्या पोत्याचा नमुना मागू. जिवाशी निगडित माहिती ४८ तासांत द्यावी लागते, हेही त्याच कायद्यात आहे. नमुना नापास झाला तर अहवाल आणि बिल ग्रामसभेत शेजारी शेजारी ठेवून वाचू. त्यानंतर सरपंचांविरुद्ध ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे अर्ज जाईल, सही करणाऱ्या कर्मचाऱ्याविरुद्ध जिल्हा परिषदेकडे आणि पुरवठादाराचं नाव काळ्या यादीत टाकण्याची मागणी त्याच टपालाने.

गावकऱ्यांनो, एक काम तुमचंही आहे. ३१ मेच्या संध्याकाळी पंपहाऊसवर जा, पोत्यावरची तारीख वाचा आणि प्रयोगशाळेचा अहवाल दाखवा म्हणून विचारा. अहवाल नसेल, तर दुसऱ्या दिवशी अर्जावर पहिली सही तुमची पाहिजे.